मलावीला जाताना लागलेली डोंबिवली

आम्हाला निरोप द्यायला श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर आमची अख्खी मंडळी (म्हणजे आमच्या चर्चचे झाडून सगळे सभासद) लोटली होती. हार्मोनियमसुद्धा आणलं होतं. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि प्रवास, हवामान, सिंह, साप, डास, परदेशातलं सरकार असं एकेक घेत ती इतकी लांबवली की ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. महिला संघाच्या लीलाबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. माझ्या आईनेही डोळ्याला पदर लावला. बसमधली माणसं खिडकीतून माना काढून बघायला लागली. गाडी सुटल्यावर कंडक्टर आमच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "लई लांब निघाले जणू?"

"ठाण्याला," अनुग्रह म्हणाला.

कंडक्टरने एकदा आमच्या गळ्यातल्या झेंडूच्या हारांकडे बघितलं, एकदा आमच्या तोंडाकडे, आणि मुकाट्याने दोन तिकिटं काढून दिली.

जायचं होतं मलावीला, हे खोटं नाही. आफ्रिकेच्या नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकला जाईल एवढासा देश. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात मी नर्स आणि शाळेत माझा नवरा अनुग्रह साळवे शिक्षक, असं जवळजवळ ठरलं होतं. अनुग्रहला हे वेड शाळेत असल्यापासून. मला बघायला आला तेव्हा स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असलं काही न विचारता त्याने विचारलं होतं, "मलेरियाची भीती वाटते का?" मला हसू आलं. त्याने तो होकार समजला आणि अजूनही तसंच समजतो आहे.

पण आम्हाला पाठवणाऱ्या संस्थेचा नियम असा, की कुठल्याही जोडप्याला समुद्रापार धाडण्याआधी एकवीस दिवस सराव करायला लावायचा. अनोळखी वस्ती, अनोळखी माणसं, आपलं म्हणून कुणी नाही, अशा जागी राहून दाखवायचं. त्यात टिकलात तर विमान, नाहीतर घर. आणि एवढ्या मोठ्या पृथ्वीवरून आमच्यासाठी परका मुलुख म्हणून निवडण्यात आली डोंबिवली. महिला संघाने वार्षिक अंकासाठी प्रवासवर्णन लिहायला बजावलं होतं. त्यात सिंह असतील अशी त्यांची समजूत आहे. सिंह नाहीत, हे सुरुवातीलाच सांगून टाकते.

ठाणे

ठाण्यात तलावपाळीपासून हाकेच्या अंतरावर मनोरमाबाई राहतात. आमच्या परीक्षक त्याच. आफ्रिकेत आयुष्याची बावीस वर्षं काढून आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, आणि बोलण्यात एकही शब्द फुकट न घालवणाऱ्या. आम्हाला पाणी दिलं, चहा दिला आणि मग म्हणाल्या, "बॅगा उघडा."

विमानतळावर काय तपासतील अशी तपासणी झाली. "हे काय? कुकर? बाहेर. लायटर? बाहेर. बादली? बादली घेऊन कोण प्रवास करतं? बाहेर. उशा? सुरी? दोरी? चहाचं गाळणं?" बघता बघता बॅगेत आमचे कपडे, दोन ताटं, एक पातेलं आणि शास्त्र (म्हणजे बायबल) एवढंच उरलं. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणीही निघाली. तिचा मात्र बाईंनी आधी वास घेतला आणि मग ती स्वतःच्या फडताळात ठेवली. एकवीस दिवसांनी बरणी परत मिळाली, चटणी नाही.

"नियम तीन," त्या म्हणाल्या. "प्रचार करायचा नाही. कुणाचं भलं करायला धावायचं नाही. आणि रोज एक गोष्ट शेजाऱ्यांकडे मागायची. मागितली की वहीत लिहायची."

"मागायची म्हणजे?" अनुग्रहने विचारलं.

"मागायची म्हणजे दारात जाऊन, तोंडाने, 'जरा देता का?' असं म्हणायचं. तिकडे गेलात की भाषेपासून भाजीपर्यंत तुम्हाला ओ की ठो कळणार नाही. मागता आलं पाहिजे. नुसता द्यायला गेलेला माणूस चार महिन्यांत लोकांच्या डोक्यात जातो. असले दानशूर मी पुष्कळ बघितलेत आणि पुष्कळ परत पाठवलेत."

"आणि दुकानातून आणलं तर?"

"तर त्याला खरेदी म्हणतात."

मला तर हायसं वाटलं. इतका सोपा पेपर मी नर्सिंगलासुद्धा सोडवला नव्हता. आमच्या आईने शेजारणीकडे कढीपत्ता, विरजण, इस्त्री, शिडी, झालंच तर पाहुणे आले तेव्हा पोळ्या लाटायला त्यांची सूनसुद्धा मागून आणली होती. अनुग्रहने मात्र रात्रीचं जेवण अर्धवट टाकलं. मला वाटलं, त्याला कुकरचं वाईट वाटतंय.

मानपाडा, डोंबिवली

मानपाड्याला पोचल्यावर आधी वास भेटला, मग गाव. कुठल्यातरी कारखान्यातून येणारा, औषधात फिनेल कालवल्यासारखा. मी रुमाल नाकाला लावला तसा रिक्षावाला आरशातून हसला.

"नवीन आलात ना? चार दिवसांनी काय वाटणार नाय."

"तोवर वास जातो का?"

"वास नाय जात ताई, नाक जातं."

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक खोली, एक स्वयंपाकघर, खिडकीतून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे. आम्ही कुलूप उघडतो न उघडतो तोच शेजारचं दार किलकिलं झालं आणि बापट काकू प्रकटल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, मुलगा पुण्याला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिल्यामुळे असेल, पण माहिती काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

"नाव काय म्हणालात? साळवे? कुठले साळवे?"

"श्रीरामपूरचे," अनुग्रह म्हणाला.

"ते झालं रे. पण म्हणजे, कुठले?"

हा दुसरा 'कुठले' आपल्याकडे ज्याला ऐकावा लागतो त्याला बरोबर कळतो. अनुग्रहने शांतपणे सांगितलं, "आम्ही ख्रिस्ती आहोत, काकू."

"अय्या! आणि मराठी किती सुरेख बोलता!"

"तुम्हीसुद्धा," मी म्हटलं.

काकू माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. आता पहिल्याच दिवशी मुक्काम हलणार, अशी मी मनाची तयारी केली. तर त्या खो खो हसल्या. "फटकळ आहेस. बरं आहे, मला बोलायला कुणी नसतंच. नाव काय तुझं? मर्सी? म्हणजे दया. मी आपली दयाच म्हणेन हो. आणि हे बघ, धर्मांतरबिर्मांतर करायला आला असाल तर आधीच सांगते, माझे दोन्ही गुडघे गेलेत. तुमच्यात गुडघे टेकायला लागतात ना? मग नकोच ते."

संध्याकाळी शेगडी पेटवायला काही नव्हतं. अनुग्रह म्हणाला, मी मागून आणतो. पंधरा मिनिटांनी लायटर घेऊन आला. लायटर पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता, आणि पुठ्ठ्यावर किमतीची चिठ्ठी.

"काकूंनी दिला?"

"हं," असं म्हणून तो वहीत लिहायला बसला. दुसऱ्या दिवशी बादली आली, लालभडक, तळाला लेबल. तिसऱ्या दिवशी उशा आल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत. "काकूंच्या घरी सगळं कसं करकरीत असतं नाही?" मी म्हटलं. वहीत मात्र सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: दिवस पहिला, लायटर मागितला. दिवस दुसरा, बादली मागितली.

लग्नाला तीन वर्षं झाली, पण हा माणूस माझ्याशी कधी साध्या गोष्टीत खोटं बोललेला नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर "जास्त झालंय" म्हणून मोकळा होतो. आणि तोच आता मिशनरी होण्यासाठी रोज सकाळी प्रार्थना करून संध्याकाळी खोटी वही लिहीत होता. वर दुसरा नियमही धाब्यावर. काकूंचा बल्ब बदलून दे, सिलिंडर आत नेऊन ठेव, रद्दी खाली ने, त्यांच्या गुडघ्यांसाठी तेल आणून दे. मी मनोरमाबाईंना फोन करून सांगायला हवं होतं, किमान त्याला तरी तोंडावर विचारायला हवं होतं. नाही विचारलं. त्यात नवऱ्यावरची माया वगैरे काही नव्हती, उगाच मोठेपणा कशाला घेऊ. तो नापास झाला तर मला जावं लागणार नव्हतं. माझी नोकरी चांगली आहे, आई एकटी आहे, आणि मलेरियाची मला खरोखर भीती वाटते. तेव्हा चाललंय ते चालू दे, असं म्हणून मी आपली भात लावत राहिले.

कल्याण आणि विठ्ठलवाडी

अकराव्या दिवशी मनोरमाबाईंनी आम्हाला कल्याणच्या बाजारात बोलावलं. त्या दिवसाचा धडा होता 'मुका बाजार'. भाषा येत नाही असं समजून, एक शब्दही न बोलता, नुसत्या खाणाखुणांनी एकेक वस्तू घ्यायची. मला किसणी, अनुग्रहला सुई-दोरा. बाई एका रसवंतीत जाऊन बसल्या आणि आम्ही निघालो.

मी दुकानदारापुढे एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यावर घासून दाखवली. त्याने कपडे घासायचा ब्रश काढला. मी मान हलवली. मग टाचा घासायचा दगड निघाला, मग साबणाची वडी. मी गाजर दाखवायचा प्रयत्न केला, तेव्हा तो जरा दचकला आणि त्याने बायकोला आतून बोलावलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि किसणी काढून पुढे ठेवली. बायकांना कळतं.

अनुग्रह पलीकडे एका हातगाडीपाशी उभा होता. त्याने सुईत दोरा ओवायची इतकी सुंदर खूण केली की गाडीवाल्याचा चेहराच उतरला.

"मुका हाय बिचारा," तो शेजारच्या केळीवालीला म्हणाला. "चांगल्या घरचा दिसतो." सुईचं पाकीट त्याने अनुग्रहच्या हातात ठेवलं, आणि अनुग्रहने नोट पुढे केली तर त्याचीच मूठ मिटवून दिली. "ऱ्हाऊ दे भावा." केळीवालीनेही दोन केळी उचलली आणि त्याच्या दुसऱ्या हातावर ठेवली. "खा रे बाबा."

दुसरा कुणी असता तर केळी खाऊन घरी आला असता. अनुग्रहला विंचू चावल्यासारखं झालं. केळी गाडीवर टाकून तो भर बाजारात ओरडला, "मला नको! मी मुका नाही! मी शिक्षक आहे!"

क्षणभर बाजार मुका झाला. मग बोलायला लागला तो थांबेचना. "च्यायला, नाटक करतो!" "मुका बनून लुटतो काय?" "पकडा रे त्याला!" मी किसणी कशीबशी पिशवीत कोंबली, अनुग्रहचा दंड धरला आणि समोर दिसली त्या रिक्षात त्याला ढकललं. कुठे जायचं विचारल्यावर तोंडात येईल ते नाव सांगितलं. अशा रीतीने आम्ही विठ्ठलवाडीचं दर्शन घेतलं. मनोरमाबाई रसवंतीतच राहिल्या.

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. मला हसू आवरत नव्हतं. "मी शिक्षक आहे!" अशी मी त्याची नक्कल केली, तर त्याने चहाचा ग्लास बाकावर ठेवून दिला. मग त्याने सांगितलं. रस्त्याकडे बघत, माझ्याकडे न बघता.

"आजोबा लहान असताना त्यांच्या आईबरोबर गावात भाकरी मागायला जायचे. येसकराचं काम होतं घराकडे (गावाची राखण, निरोप, पडेल ते), त्याच्या बदल्यात शिळी भाकरी. दारात उभं राहून हाक मारायची, ओट्याला शिवायचं नाही. तहान लागली तर ओंजळ धरायची. मग घरातलं कुणीतरी वरून पाणी ओतायचं, लांबून. आपण ख्रिस्ती झाल्यावर लोक म्हणायला लागले, मिलोसाठी बाटले. मिलो म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेली लाल ज्वारी. सगळ्या गावाने खाल्ली, नाव आपलं झालं. तेव्हा आजोबांनी सांगितलं, साळव्यांचा हात ह्यापुढे उताणा होणार नाही. द्यायचं, मागायचं नाही. अगं, वडलांनी कुणाकडे कधी पेनसुद्धा मागितलं नाही. मी बापट काकूंच्या दारात तीनदा गेलो, मर्सी. हात बेलपर्यंत जातो. तोंडच उघडत नाही."

आमच्याही घराण्यात हेच सगळं झालेलं आहे. पण माझ्या आईने शेजारणीकडे साखर मागून मागून ते कधीच बुजवून टाकलं होतं, आणि मला वाटत होतं सगळ्यांचंच बुजलं. गेले अकरा दिवस मी ह्या माणसाच्या नव्या बादलीवर टोमणे मारत होते. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी चहावाल्याकडे अजून दोन चहा मागितले आणि त्याच्यावर उगाच खेकसले.

परत मानपाडा

त्यानंतर टोमणे बंद केले, पण वही तशीच चालू राहिली. मी काही बोलले नाही आणि त्यानेही खोटं लिहिणं सोडलं नाही. नवरा-बायकोच्या संसारात अशा समजुती असतात.

सतराव्या दिवशी नाक्यावर एक आगरी बाई टोपलीत निवट्या घेऊन बसली होती. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारा, डोळे बाहेर आलेला, उड्या मारणारा मासा. आमच्या गोदावरीकाठी असलं ध्यान बघायला मिळत नाही. प्रवासवर्णनात स्थानिक खाद्यपदार्थ लागतोच, म्हणून मी थांबले.

"घे गो बाय, जित्या हान," ती म्हणाली. "पन आजच्या आज कर. उंद्याला (उद्यावर) ठेवशील आन मंग मना (मला) बोलशील."

मी ढीगभर घेतल्या. अनुग्रह मासे खात नाही हे घरी आल्यावर आठवलं. अर्ध्यांचं कालवण केलं, अर्ध्या तशाच उरल्या. फ्रिज आमच्याकडे नव्हता. काकूंकडे होता, पण बापटांच्या फ्रिजमध्ये निवट्या ठेवा असं कुणी सांगायचं? अनुग्रह म्हणाला, "राहू दे ना, एका रात्रीने काय होतंय." दुसऱ्या दिवशी मी त्या तळल्या आणि खाल्ल्या. नर्स आहे मी. शिकलेली. वॉर्डात लोकांना शिळं खाऊ नका म्हणून दम देते.

तिसऱ्या प्रहरी पोटात कळ आली, आणि बरोबर त्याच मुहूर्तावर इमारतीचा पाण्याचा पंप जळाला. लिफ्टपाशी पाटी लागली: उद्या दुपारपर्यंत पाणी येणार नाही. माझी काय अवस्था झाली त्याचं वर्णन ह्या अंकात नको, पाळकसाहेबही वाचतात. एवढंच सांगते, की अर्ध्या तासात लाल बादली कोरडी झाली आणि माझा मुक्काम संडासात हलला. अनुग्रह धावत खाली गेला. दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या अख्ख्या इमारतीने आधीच उचलल्या होत्या. दुसरं दुकान, तिसरं दुकान, तेच. घामाघूम होऊन हात हलवत परत आला.

"काकूंकडे पिंप आहे," मी आतून म्हटलं. "त्या कायम भरून ठेवतात."

तो हलला नाही.

"अनुग्रह, मी जाऊ शकले असते तर गेले असते रे."

दार उघडल्याचा आवाज आला. मग बेल. मग काकूंचं, "काय रे?" आणि मग काहीच नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते. बऱ्याच वेळाने माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "काही नाही काकू... सहज. गुडघे कसे आहेत?"

देवा! मी इकडे मरायला टेकलेय आणि हा तिकडे गुडघे विचारतोय! अंगात होतं नव्हतं तेवढं बळ आणून मी ओरडले, "अनुग्रह!"

"अरे, ती का बोंबलतेय?" काकू.

"काकू," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटतच नव्हता. "पाणी... जरा पाणी देता का?"

"मग हे आल्या आल्या बोलायला काय झालं होतं? ये आत. चपला बाहेर काढ. ओट्याखाली पिंप आहे बघ, झाकणावर तांब्या आहे. मला वाकता येत नाही, तुझं तू घे. आणि सांडलंस तर पुसूनही तूच घ्यायचंस."

तांब्याचा पिंपात बुडल्याचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला. एक, दोन, तीन, मी मोजत होते. बादली घेऊन तो आला. डोळे लाल होते त्याचे. बादली दाराशी ठेवली आणि दुसऱ्या खेपेला पातेलं घेऊन गेला, तो गेलाच. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पत्ता नाही. शेवटी मी भिंत धरत धरत शेजारी गेले, तर साहेब काकूंच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहा पीत होते! समोर काकू, त्यांच्याही हातात कप.

"ह्या सोडेचनात," तो ओशाळून म्हणाला.

"तोंड बघ त्याचं, पांढरंफटक पडलं होतं. म्हटलं हाच आधी पडतोय की काय," काकू म्हणाल्या. "आणि तू गं, काय खाल्लंस एवढं?"

"निवट्या. कालच्या."

"कालच्या? अगं मेल्ये, माझ्या फ्रिजमध्ये नाही का ठेवायच्या?"

"तुमच्या?"

"खालच्या कप्प्यात. मुलगा येतो तेव्हा डब्यातून काय काय आणून ठेवतो तिथे. मी विचारत नाही, तो सांगत नाही." मग त्यांनी मला मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते शिकवलं. मी नर्स आहे असं दोनदा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा शिकवलं.

एकविसाव्या दिवशी मनोरमाबाई आल्या. वही चाळली आणि आमच्यासमोरच काकूंना बोलावून विचारलं, "ह्यांनी तुमच्याकडे काय काय मागितलं?"

"पाणी. एकदा." काकू म्हणाल्या. "बाकी हाच मेला सारखा देत सुटलेला. बल्ब काय, तेल काय, सिलिंडर काय! नको म्हणायची सोय नाही. शेजारी आलाय की समाजकल्याण खातं, तेच मला कळेना."

मनोरमाबाईंनी वहीची पानं मोजायला सुरुवात केली, तेवढ्यात अनुग्रह म्हणाला, "बाई, एक पान सोडून बाकी सगळं खोटं आहे."

"आणि मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," मी म्हटलं. "तो नापास व्हावा म्हणून मी गप्प बसले होते."

अनुग्रहने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी ह्या जन्मात विसरणार नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कधीपर्यंत वाटत होतं तसं?" त्यांनी मला विचारलं.

"पाण्यापर्यंत."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "यंदा नाही. सहा महिने अजून. इथेच, ह्याच खोलीत. मग बघू."

"मला विचारलंत का?" काकू कडाडल्या. आणि मग जरा थांबून, "राहू देत. पण घरी जाऊन या आधी. आईला भेटून ये गं दया, वाळलीयेस."

परत श्रीरामपूर

म्हणजे मलावी लांबलं आणि डोंबिवली वाढली. प्रवासवर्णनाच्या शेवटी लेखकाला काहीतरी उमगलेलं असावं लागतं. मला एवढंच उमगलं, की गाव सोडून परमुलखात जायला मी घाबरत होते ते डासांना नव्हे. नवऱ्याच्या मनात असं काय काय भरलंय ते मला माहीत नव्हतं, आणि त्याच्याबरोबर इतक्या लांब जायचं होतं. आता थोडं माहीत झालंय. डासांचं बघू.

स्टँडवर ह्या वेळी हार्मोनियम नव्हतं. आम्ही नापास झाल्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. घरी पोचलो. आजोबा ओसरीवर बाजेवर बसले होते. चौऱ्याऐंशी वय, नजर अधू, कान तिखट. अनुग्रह त्यांच्या पायाशी बसला आणि त्याने सगळं सांगितलं. लायटर, बादली, खोटी वही. शेवटी म्हणाला, "आजोबा, मी बामनाच्या दारात पाणी मागितलं."

माझ्या सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

आजोबांनी विचारलं, "कुनी वतलं?"

"कुणी नाही. आत बोलावलं. पिंपात तांब्या बुडवून मीच घेतलं. माझ्या हातानं."

आजोबा पुढे वाकले. "आन मागून पिंप धुतलं का तिनं?"

अनुग्रहला ते माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"नाही, आजोबा," मी म्हटलं. "त्याच पाण्याचा चहा टाकला. ह्याला दिला आणि समोर बसून स्वतः प्यायल्या. मी बघितलंय."

आजोबांनी हात पुढे केला, चाचपडत अनुग्रहचा हात शोधला, तो उलटा केला आणि त्याच्या तळव्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"मंग जा," ते म्हणाले. "सहा म्हैने कशापायी, वरीसभर ऱ्हावा."